‘जाऊन येतो’ म्हणणाऱ्यांची जपानी

(जपानी शिकू इच्छिणाऱ्यांसमोर पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

घरातून निघताना आपल्याकडे ‘जातो’ म्हणत नाहीत. चुकून म्हटलंच, तर आतून आजीचा आवाज येतो, ‘जातो काय? येतो म्हण.’ जपानमध्ये शाळेत निघालेलं मूल दाराशी बूट चढवता चढवता ओरडतं, ‘इत्तेकिमासु!’ यातला ‘इत्ते’ म्हणजे जाऊन आणि ‘किमासु’ म्हणजे येतो. जाऊन येतो! आतून उत्तर येतं, ‘इत्तेराश्शाइ’, म्हणजे जाऊन या. संध्याकाळी परत आलं की मूल म्हणतं, ‘तादाइमा’. हा शब्द ‘आत्ताच’ एवढाच आहे, पुढचं ‘आलो’ गिळलेलं असतं.

गेली वीस वर्षं माझा पहिला तास या शब्दांनी सुरू होतो. त्याला कारण आहे. वर्गात मागच्या बाकावर नेहमी कुणीतरी असतं, तालुक्याच्या गावाहून आलेलं, मराठी शाळेत शिकलेलं. तास संपल्यावर ते हळूच विचारतं, ‘मॅडम, माझं इंग्रजी कच्चं आहे, मला जपानी जमेल का?’ आपल्या बाजारात मिळणारी बहुतेक पाठ्यपुस्तकं इंग्रजीतून समजावतात, म्हणून हा प्रश्न येतो. मी त्यांना सांगते ते तुम्हालाही सांगते. जपानीचं व्याकरण इंग्रजीतून समजून घेणं म्हणजे घराचं पुढचं दार उघडं असताना कौलं काढून आत उतरणं. तुम्ही मराठीतून या.

आता दार किती उघडं आहे ते दाखवते. वाक्याचा क्रम आपलाच आहे: कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद. ‘वाताशि वा गोहान ओ ताबेमासु’, मी भात खाते. ‘वाताशि’ मी, ‘गोहान’ भात, ‘ताबेमासु’ खाते. मधले ‘वा’ आणि ‘ओ’ हे शब्दाला मागून चिकटणारे प्रत्यय. शाळेत विभक्तीचा तक्ता पाठ करताना तुमच्यापैकी अनेकांनी कपाळाला हात लावला असेल, पण तो तक्ता आता कामाला येतो. पुण्याहून हा ‘पुने कारा’, मुंबईपर्यंत हा ‘मुंबाइ मादे’, बसनं हा ‘बासु दे’, मैत्रिणीबरोबर हा ‘तोमोदाचि तो’, माझं पुस्तक हे ‘वाताशि नो होन’. आपला चा-ची-चे पुढच्या नामाच्या लिंगावर बदलतो, जपानी ‘नो’ कुणासाठीही बदलत नाही. क्रियापदालाही लिंग नाही, वचन नाही, पुरुष नाही. मी जातो, मी जाते, ते जातात, उद्या आम्ही जाऊ, या सगळ्यांना एकच ‘इकिमासु’. नकार ‘इकिमासेन’, भूतकाळ ‘इकिमाशिता’, भूतकाळी नकार ‘इकिमासेन देशिता’. हे चार साचे पाठ झाले की पहिल्या महिन्याचं निम्मं बोलणं होतं.

प्रश्न कसा विचारायचा? शेवटी ‘का’ लावायचा. ‘इकिमासु का?’ म्हणजे जाता का? हा निव्वळ योगायोग आहे. जपानी आणि मराठी एका कुळातल्या नाहीत, हे आधीच स्पष्ट करते, कारण असे दोन-चार शब्द सापडले की लोक लगेच प्राचीन नातं जोडायला बसतात. शब्दांचं नातं नाही. वाक्य बांधायची रीत मात्र सारखी आहे, आणि शिकणाऱ्याला उपयोग रीतीचाच होतो.

या रीतीचं सगळ्यात सुंदर रूप ‘ते’ लावलेल्या क्रियापदात दिसतं. पुस्तकात त्याला मोठमोठी नावं असतात. मी म्हणते, हे आपलं ‘ऊन’. खाऊन, जाऊन, घेऊन. आता गंमत बघा. ‘ताबेते मिरु’ मध्ये ‘मिरु’ म्हणजे बघणे, तर अर्थ झाला खाऊन बघणे. इंग्रजीत खाण्याचा आणि डोळ्यांनी बघण्याचा संबंध आधी समजावून सांगावा लागतो. आपण तर वाचून बघतो, विचारून बघतो, घालून बघतो. ‘कात्ते ओकु’ मध्ये ‘ओकु’ म्हणजे ठेवणे, म्हणून विकत घेऊन ठेवणे. पाहुणे यायच्या आधी आपण दूध आणून ठेवतो, तेच. ‘ताबेते शिमाउ’ म्हणजे खाऊन टाकणे, त्यातल्या ‘संपलं बाई एकदाचं’ या छटेसकट. ‘मोत्ते कुरु’ घेऊन येणे, ‘मोत्ते इकु’ घेऊन जाणे. एका तासात मराठी मुलं हे इतक्या सहज बोलू लागतात की मला दरवेळी नव्यानं आनंद होतो.

आणखी एक जागा. ‘मला आंबा आवडतो’ या वाक्यात आवडणारा मी, पण कर्ता आंबा. ‘मला जपानी येतं’, ‘मला समजतं’ ही वाक्यंही तशीच. जपानीत ‘मांगो गा सुकि देसु’, ‘निहोंगो गा वाकारिमासु’. इथे आंब्याला आणि भाषेला ‘गा’ लागतो, कर्माचा ‘ओ’ नाही. इंग्रजीतून येणारा हमखास ‘ओ’ लावतो, कारण त्याच्या मनात ‘मी आवडवतो’ असं वाक्य असतं. तुम्ही मराठीतून आलात तर ही चूक होणारच नाही.

‘वा’ आणि ‘गा’ मधला फरक विचारून लोक शिक्षकाला भंडावतात. जपानी व्याकरणात एक प्रसिद्ध वाक्य आहे, ‘झोऽ वा हाना गा नागाइ’. शब्दशः, हत्ती वा, नाक गा, लांब. मराठीत सरळ म्हणा, हत्तीचं म्हणाल तर नाक लांब. ‘वा’ म्हणजे हे ‘म्हणाल तर’. आधी विषय समोर ठेवायचा, मग त्याविषयी बोलायचं. ‘कोन्निचिवा’ हा नमस्काराचा शब्दसुद्धा असं अर्धं राहिलेलं वाक्य आहे. ‘कोन्निचि’ म्हणजे आजचा दिवस, पुढे तोच ‘वा’. आजचं म्हणाल तर… एवढ्यावर सोडून दिलेलं. म्हणून शेवटचं अक्षर उच्चारायचं ‘वा’ पण लिहायचं ‘हा’, प्रत्यय लिहितात तसं. ‘सायोनारा’चीही गोष्ट अशीच. त्याचा मूळ अर्थ ‘असं आहे तर’. आपण उठताना म्हणतो ना, ‘बरंय तर, निघतो’? त्यातलं नुसतं ‘बरंय तर’. मात्र रोज संध्याकाळी वर्गातून निघताना ‘सायोनारा’ म्हणू नका, मोठ्या माणसांच्या रोजच्या बोलण्यात तो जड होतो. ऑफिसातून आधी निघणारा म्हणतो, ‘ओसाकि नि शित्सुरेइ शिमासु’, तुमच्या आधी निघतो, माफ करा. मागे बसलेले म्हणतात, ‘ओत्सुकारेसामा देशिता’. दमलात, तुमच्या श्रमांची जाण आहे, असा त्याचा भाव.

उच्चारांबद्दल थोडंसं. ‘चूल’ मधला चू म्हणा. आता ‘चिमणी’ मधला चि म्हणा. हे दोन वेगळे च आपल्या जिभेवर लहानपणापासून आहेत. जपानीतही ‘चि’ आहे आणि ‘त्सु’ आहे, ‘त्सुनामि’ मधला. आपल्याला तो वेगळा शिकावा लागत नाही. त्यांचा ‘न्’ तर आपला अनुस्वार आहे, पुढचं अक्षर बघून बदलतो. आंबा म्हणताना ओठ मिटतात, अंगण म्हणताना मिटत नाहीत, तसंच ‘शिंबुन’ म्हणजे वर्तमानपत्र आणि ‘निहोंगो’ म्हणजे जपानी भाषा. अक्षरांचा क्रमही ओळखीचा वाटेल: आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ‘सा’च्या जागी च आणि ‘हा’च्या जागी प ठेवून म्हणून बघा. क, च, त, न, प, म, य, र, व! हा योगायोग नाही. बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकत होते, ती वर्णमाला घेऊन चीनमार्गे जपानला गेले, आणि हजारेक वर्षांपूर्वी जपानी अक्षरं त्या क्रमात बसवली गेली. त्यांचा ‘हा’ एकेकाळी ‘पा’ होता, आणि ‘सा’ चच्या जवळचा होता असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. शब्दांचं नातं नाही म्हणाले मी, पण हे नातं खरं आहे आणि ते सांगताना मला अभिमान वाटतो.

एक खड्डाही आहे. आपण लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ पाळतो, बोलताना पाळत नाही. जपानीत तो अर्थ बदलतो. ‘युकि’ म्हणजे बर्फ, ‘यूकि’ म्हणजे धैर्य. ‘ओबासान’ म्हणजे काकू, ‘ओबाआसान’ म्हणजे आजी, आणि चाळिशीच्या बाईंना आजी म्हटलेलं कुठल्याच देशात चालत नाही. म्हणून देवनागरीत टिपणं काढायची सवय दोन आठवड्यांत मोडा. हिरागाना म्हणजे जपानीची पहिली अक्षरमाला, तिची 46 मूळ अक्षरं रोज पाच-पाच शिकलात तर दहाव्या दिवशी वाचायला लागाल.

विशेषणंही फसवतात. आपण म्हणतो, ‘छान होतं’. छान तसंच राहतं, होतं बदलतं. म्हणून सगळे पहिल्या महिन्यात ‘ओइशिइ देशिता’ म्हणतात. चूक. जपानीत चविष्ट हे विशेषण स्वतःच भूतकाळात जातं: ‘ओइशिकात्ता देसु’. नकार ‘ओइशिकुनाइ देसु’. इथे मराठी विसरावी लागते.

आता ज्यासाठी मी खरं तर उभी राहिले त्या विषयाकडे येते. नम्रता.

सभ्य बोलायचं म्हणजे ‘कृपया’ आणि ‘धन्यवाद’ची पेरणी करायची, हे आपण फलकांवरून शिकलो. घरात आपण तसं बोलत नाही. ‘जरा पाणी देतेस का?’ यात कृपया नाही, पण विनंती आहे. ती ‘जरा’त आहे, ‘का’त आहे. जपानी नम्रताही अशीच क्रियापदाच्या शेपटीत राहते. ‘माते’ म्हणजे थांब, ‘मात्ते कुदासाइ’ थांबा, ‘मात्ते कुरेमासेन का’ थांबाल का, ‘मात्ते इतादाकेमासेन का’ म्हणजे आपण थांबण्याची कृपा मला लाभेल का, असं काहीसं. शेपूट जितकी लांब, तितकी नम्रता जास्त. आणि आपलं ‘जरा’ तिथे ‘चोत्तो’ होऊन बसलेलं आहे. ‘उद्या येता का?’ असं विचारल्यावर जपानी माणूस म्हणतो, ‘आशिता वा चोत्तो…’ आणि थांबतो. उद्याचं जरा… हा नकार आहे, पूर्ण आणि स्पष्ट. पुढे ‘चोत्तो काय?’ असं विचारू नये. ‘कांगाएते ओकिमासु’, विचार करून ठेवतो, हाही बहुतेक वेळा नकारच. लग्नाच्या बोलणीत ‘कळवतो’ ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

‘तुम्ही’ या शब्दापासून मात्र दूर राहा. पुस्तकात पहिल्याच पानावर ‘आनाता’ म्हणजे तुम्ही असं दिलेलं असतं, आणि विद्यार्थी ते थेट साहेबांना लावतात. जपानी माणूस समोरच्याला आडनावापुढे ‘सान’ लावून बोलतो, किंवा हुद्द्यानं. ‘आनाता’ परंपरेनं बायको नवऱ्याला म्हणते. आपल्या ‘अहो’ची आठवण ठेवा, म्हणजे तो शब्द कुठे वापरायचा नाही ते लक्षात राहील. आणि ‘सान’ स्वतःला कधीच लावायचं नाही. आपल्याकडे फोनवर ‘मी कुलकर्णी मॅडम बोलतेय’ हे अगदी सहज चालतं. तिथे मी स्वतःला ‘सेन्सेइ’ म्हणू शकत नाही. माझा पेशा सांगताना ‘क्योऽशि’ म्हणते. सेन्सेइ दुसऱ्यानं म्हणायचं.

इथेच मराठी माणूस अडखळतो, आणि मीही अडखळले होते. शिकून नुकती बाहेर पडले होते, एका कंपनीत दुभाषी म्हणून लागले होते. जपानहून ग्राहकाचा फोन आला, आमच्या मुख्य साहेबांची चौकशी करत. साहेब नव्हते. मी शिकलेला सगळा आदर गोळा करून म्हणाले, ‘शाचोऽ वा इराश्शाइमासेन.’ साहेब नाहीयेत, असं अत्यंत आदरार्थी. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. नंतर शेजारच्या ज्येष्ठ जपानी सहकाऱ्यांनी मला बाजूला बसवून शांतपणे समजावलं. बाहेरच्या माणसाशी बोलताना आपले साहेब ‘आपले’ होतात, आणि आपल्याबद्दल खालच्या पायरीवरून बोलायचं. साहेबांचं नुसतं आडनाव घ्यायचं, ‘सान’ नाही, आणि क्रियापद नम्र, ‘ओरिमासेन’.

मला ते पचायला बरेच दिवस लागले. आपल्याकडे वडील घरात ‘बाबा आले’ असतात आणि बाहेरच्यांसमोरही ‘आमचे बाबा येतील’ असेच असतात. आदर माणसाला चिकटलेला असतो, ऐकणारा कोण यावर तो कमी होत नाही. जपानीत आदर वाऱ्यासारखा दिशा बदलतो. आतलं म्हणजे ‘उचि’, बाहेरचं म्हणजे ‘सोतो’. तुमचे वडील ‘ओतोऽसान’, माझे वडील दुसऱ्याशी बोलताना ‘चिचि’. घरात हाक मारताना मात्र माझेही ‘ओतोऽसान’च. यात वडिलांवरचं प्रेम कमी होत नाही, समोरच्याला उंच जागा दिली जाते.

म्हणून जपानी आदराच्या दोन वाटा आहेत. एक समोरच्याला वर उचलणारी, ‘सोन्केइगो’. दुसरी स्वतःला खाली नेणारी, ‘केन्जोऽगो’. ‘मासु-देसु’चं साधं सभ्य बोलणं ते ‘तेइनेइगो’. 2007 मध्ये जपानच्या सांस्कृतिक व्यवहार परिषदेनं यांची पाच प्रकारांत विभागणी केली, पण सुरुवातीला तीनच पुरे. खाणे ‘ताबेरु’, तुम्ही खाता ते ‘मेशिआगारु’, मी खाते ते ‘इतादाकु’. म्हणणे ‘इउ’, तुमचं ‘ओश्शारु’, माझं ‘मोऽसु’. स्वतःला खाली नेणारी भाषा आपल्याला परकी नाही. आपल्या आजोबांच्या पत्रांत ‘तीर्थरूप बाबांचे चरणी बालकाचा कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष’ असं असायचं. आपण ती पत्रं लिहिणं सोडलं. जपानी माणूस आजही रोजच्या ई-मेलमध्ये तशा वाक्यानं सुरुवात करतो.

जेवायला बसताना म्हणायचं ‘इतादाकिमासु’ हे तेच नम्र ‘इतादाकु’. मी हे स्वीकारते, डोक्याला लावून घेते. जेवण झाल्यावर ‘गोचिसोऽसामा देशिता’. ‘चिसोऽ’ या शब्दाच्या लिपीचिन्हांत धावाधाव आहे, पाहुण्यासाठी कुणीतरी केलेली. आपल्या पंगतीत ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणून उठत, त्याच्या अगदी शेजारी बसणारा शब्द आहे हा.

मुख्य भाग झाला. तुमच्या चिठ्ठ्या आल्यात, त्यातल्या दोन घेते. परीक्षेबद्दल विचारलंय: जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची पातळी ठरवणारी परीक्षा, जुलै आणि डिसेंबरमध्ये असते, एन पाच ही सगळ्यात सोपी पातळी, आणि तिचं केंद्र पुण्यातही असतं. कांजींना, म्हणजे चिनीतून आलेल्या लिपीचिन्हांना, घाबरू नका. नेहमीच्या वापरासाठी ठरवलेल्या 2136 आहेत, पण एन पाचला त्यातल्या थोड्याच लागतात.

दुसरी चिठ्ठी एका आजींची आहे, तिसऱ्या रांगेतल्या. त्यांची मुलगी तिकडे असते, पुढच्या महिन्यात त्या निघाल्यात. त्या लिहितात, ‘मुलीच्या शेजारच्या बाई तिला फार मदत करतात. त्यांना काय म्हणू?’

आजी, एकच वाक्य पाठ करा. ‘मुसुमे गा इत्सुमो ओसेवा नि नात्ते इमासु.’ ‘मुसुमे’ म्हणजे माझी मुलगी. स्वतःची आहे, म्हणून ‘सान’ नाही. त्यांच्या मुलीला म्हणाल तेव्हा ‘मुसुमेसान’. ‘गा’ ओळखीचा झाला. ‘इत्सुमो’ म्हणजे नेहमी. ‘ओसेवा’ म्हणजे दुसऱ्यानं घेतलेली काळजी, सुरुवातीचा ‘ओ’ आदराचा. शेवटी आपलं ‘ऊन’ आणि ‘आहे’. माझी मुलगी नेहमी तुमच्या मायेत आहे, असं काहीतरी. म्हणताना किंचित वाका, घाईनं नको. शेवटचा ‘सु’ अर्धाच म्हणा, ‘इमास’. म्हणा बघू माझ्याबरोबर.